इंजिन बंद करतात का

बेलापूरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर,
लोणच्याच्या बरण्या सरकवून
आम्ही अलास्का मांडलं.
दहा दिवसांचं जहाज, लग्नाच्या पंचविशीचं.
सहाव्या दिवशी जूनो बंदर, साडेसात तास मोकळे,
आणि देवमासे बघायला बोट कोणती घ्यायची
यावर ही तिसरी संध्याकाळ.
खिडकीबाहेर खाडी सुकतीला, गाळाचा वास वर येणारा.

चिंतामणचं मत मोठ्या बोटीला:
दीडशे खुर्च्या, काचेच्या भिंती, गरम चॉकलेट,
देवमासा दिसला नाही तर शंभर डॉलर परत.
"हमी आहे," तो म्हणाला, प्रेशर कुकर घेतल्यासारखा.
माझं मन सहा माणसांच्या होडीवर.
तिच्यात शौचालय म्हणजे पडद्यामागची बादली,
आणि बाहेरून काढलेल्या तिकिटासाठी
उशीर झाला तर जहाज थांबत नाही.
कागदावर दोन रकाने पाडले.
त्याचा भरला. माझ्यात एकच शब्द:
जवळून.

सासरे कोपऱ्यात जाळ्याचं भोक शिवत होते.
जाळं घरचं नाही, दिवाळ्यातल्या एका पोराचं,
हात रिकामे बसू देत नाहीत म्हणून मागून आणलेलं.
चाळीस वर्षं तांडेल. पासपोर्ट नाही.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"तांडेल कोन हाय?"
मी फोटो दाखवला. लाल टोपी, पिकलेली वेणी, बाई.
त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला,
तिचे हात बघितले.
"आनि मासा आल्यावर इंजान बंद करतान का?"

हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मग सुई न थांबवता सांगितलं:
भांग लागला म्हणून डोल सोडवून परतणारे चौघे,
अर्धा चंद्र बुडालेला, यंत्र मध्येच मेलेलं,
आणि होडीच्या अंगाला कुणीतरी श्वास सोडला.
एवढा लांब, की पोशाने मध्येच स्वतःचा घेतला
आणि पुन्हा धरून ठेवला.
वास आला शिळ्या जवळ्याचा.
दिसलं काहीच नाही.
झोपलेल्या माणसाच्या पोटावर गोधडी उचलते
तसं नुसतं पाणी उचललं,
आणि आम्हां चौघांना, होडीसकट,
एक हात बाजूला ठेवलं कुणी.
"इंजान चालू असता त आमाला कललाच नसता."

"मला कधी सांगितलं नाही,"
बावन्न वर्षांचा मुलगा म्हणाला.
"काय सांगू? दिसला कुठं?"

रात्री मी दोन्हीकडे तीच एक ओळ पाठवली.
मोठ्या बोटीचं उत्तर मिनिटभरात, चित्रांसकट:
आमची यंत्रं अत्यंत शांत आहेत.
लहान होडीचं दोन दिवसांनी:
बंद करते. मग सगळ्यांनी गप्प बसायचं.
काही लोकांना ते जमत नाही. तुमचं बघा.

चिंतामणने रकान्यांचा कागद उलटा केला.
मागे वाण्याची यादी होती,
तो तीच वाचत राहिला: हिंग, पोहे, साबण दोन.
मग कार्डावरचे आकडे सांगितले,
एकेक, डॉक्टरला वजन सांगावं तसे.

सासऱ्यांना कळवलं. "बरा," म्हणाले.
दोरा तोडला. गाठ चाचपली.
"त्यो सास सोडल तवा मनात मोज.
माझे हिशोबात सात व्हते, पोशा नव म्हनायचा.
आनि ओकारी आली
त वाऱ्याच्या अंगाला तोंड करू नको."